आधी कुणाच्या दारात जायचं?

कळव्यात राहणाऱ्या आणि ऐरोलीत नोकरी करणाऱ्या 36 वर्षांच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. घराणं मूळ नगर जिल्ह्यातलं, चार पिढ्यांचं ख्रिस्ती. ते स्वतः मात्र नाताळ आणि ईस्टरपुरतेच चर्चला जाणारे. मधली काही वर्षं दारू आणि मोबाइलवरची पैशांची रमी यांत गेली. दोन वर्षांपूर्वी कोपरखैरण्यातल्या एका प्रार्थनासभेत त्यांना तारणाचा, म्हणजे येशूने आपल्याला वाचवल्याचा, अनुभव आला आणि दोन्ही व्यसनं सुटली. आता ते पगाराचा दशांश नेमाने देतात आणि भेटेल त्याला साक्ष देतात, म्हणजे येशूने आपल्याला कसं बदललं ते सांगतात.

ऑफिसच्या ग्रुपवर रोज बायबलमधली वचनं टाकल्याबद्दल त्यांना समज मिळाली आहे. लहानपणी आई कामावर असताना ज्या शेजारच्या काकूंनी त्यांना जेवू घातलं, त्यांचे यजमान पक्षाघाताने रुग्णालयात होते. तेव्हा यांनी खाटेशी उभं राहून मोठ्याने प्रार्थना केली आणि काकूंना म्हणाले, येशूला स्वीकारा, काका उठून चालतील. काका घरी आले, उजवी बाजू अजून लुळी आहे आणि काकूंनी बोलणं सोडलं आहे. वडील विचारतात, "आम्ही काय आजवर ख्रिस्ती नव्हतो?" पत्नी म्हणते, "आधी दारूपायी घरी नव्हतात, आता सभांपायी नसता." प्रार्थनासभेच्या संगतीतले एक ज्येष्ठ मात्र बजावतात की गप्प राहिलात तर त्या आत्म्यांचं रक्त तुमच्या माथी. शिवाय एक जुना मित्र, ज्याच्याकडून रमीच्या दिवसांत 85 हजार रुपये घेतले होते, फोनच उचलत नाही, त्यामुळे त्याला साक्ष देता येत नाही याचीही खंत आहे. ते विचारतात: मी गप्प बसू, की माणसं दुखावली तरी सांगत राहू?

दादा, दारू सुटून दोन वर्षं झाली ही गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकली आहे. माझ्या लेखी ती फार मोठी आहे. कुणी तिला इच्छाशक्ती म्हणेल, कुणी चांगल्या सोबतीचा गुण म्हणेल. तुम्ही तिला तारण म्हणता आणि मी तुमचा शब्द मानते. आत एवढं काही घडल्यावर ते बोलून दाखवावंसं वाटणारच. इगतपुरीहून विपश्यना करून आलेला माणूसही घरच्यांना शिबिराला पाठवायला निघतो आणि नव्याने माळ घातलेल्याला वाटतं की घरातलं मटण आजच बंद व्हावं. या ओढीची लाज बाळगू नका.

पण तुमच्या प्रश्नात दोनच वाटा आहेत आणि दोन्ही बोलण्याच्या. गप्प बसणं किंवा सांगत राहणं. तारण मिळालेल्या माणसाने देवाला द्यायचं उत्तर म्हणजे तोंडाने दिलेली साक्ष, असं तुम्ही धरून चालला आहात. बायबलच्या नव्या करारात माणसं किती वेगवेगळ्या तऱ्हेने उत्तर देतात ते एकदा नुसतं डोळ्यांखालून घाला. पेत्राची सासू तापातून उठली आणि लोकांची सेवा करू लागली. ती काही बोलल्याचं लिहिलेलं नाही. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने विश्वास ठेवला त्याच रात्री कैदेतल्या पौल आणि सीलाच्या जखमा धुतल्या आणि त्यांना घरी नेऊन जेवू घातलं. दहा कुष्ठरोग्यांतला एक आभार मानायला मागे फिरला. विहिरीवर येशूला भेटलेली शोमरोनी बाई घागर टाकून गावात सांगायला धावली, तीही आहे. बोलणं हे अनेकांतलं एक उत्तर आहे. आणि जक्कय आहे. त्याच्यापाशी मला थांबायचं आहे, कारण तुमच्या पत्रातली 85 हजारांची ओळ माझ्या मनातून जात नाही.

जक्कय जकातदारांचा मुख्य होता, श्रीमंत होता, आणि ती श्रीमंती कुठून आली हे यरीहोत सगळ्यांना ठाऊक होतं. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा लोकांनी कुरकुर केली. जक्कय उभा राहून काय बोलला? आपल्याला किती शांती मिळाली, हे त्याने सांगितलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो, एवढंच बोलला. "आज या घराला तारण प्राप्त झालं" हे येशूचे उद्गार त्यानंतरचे आहेत. पैसे परत करून तारण विकत मिळतं असा याचा अर्थ नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात ते कृपेने मिळालेलं दान म्हटलं आहे आणि तुमच्या मंडळीतही, म्हणजे चर्चमध्येही, हेच शिकवत असतील. पण ज्याला ते मिळालं, त्याचा हात आपोआप पैशाच्या पेटीकडे गेला, हे बघा.

फिलेमोनाला लिहिलेलं पौलाचं पत्र अगदी छोटं आहे, एका पानात संपतं. अनेसिम नावाचा दास मालकापासून, म्हणजे या फिलेमोनापासून, दूर गेला होता. तुरुंगातल्या पौलाजवळ तो विश्वासात आला. पौलाला तो स्वतःजवळ हवा होता. तरीही त्याने त्याला ज्याच्याशी बिघडलं होतं त्या माणसाकडेच पाठवलं आणि लिहिलं, याचं काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड. म्हणजे जुनी उधारी नव्या जन्मात पुसली गेली असं पौलानेसुद्धा मानलं नाही. कुणीतरी ती भरायची होती.

तुमचा मित्र फोन का उचलत नाही, याचं कारण तुम्ही त्याच्या कठीण मनात शोधता आहात. मला वाटतं, त्याला तुमच्याकडून वचन नको आहे, पैसे हवे आहेत. आणि ते मागून मागून तो थकला आहे. त्याच्या जागी बसून बघा. 85 हजार बुडालेत, आणि ज्याने बुडवले तो कोपरखैरण्यात माइक हातात घेऊन सांगतो आहे की मी मुक्त झालो. ठाणे-नवी मुंबई एवढी लहान आहे की ही बातमी त्याच्यापर्यंत पोचली असणारच.

तेव्हा त्याला मेसेज करा, आणि त्यात येशूचं नाव घालू नका. असं काहीसं लिहा: "तुझे 85 हजार माझ्याकडे आहेत. मी विसरलेलो नाही. दर महिन्याच्या 7 तारखेला पाच हजार पाठवेन, सतरा महिन्यांत फिटतील. उशीर केला, तुला खोटं सांगितलं, त्याबद्दल माफी मागतो." मेसेजबरोबरच पहिले पाच हजार पाठवा. पाच झेपत नसतील तर तीन पाठवा, पण तारीख चुकवू नका. तो उत्तर देणार नाही कदाचित, किंवा चार शब्द सुनावेल. ऐकून घ्या. हे सगळं आधी पत्नीला सांगा. त्या पैशांची खबर त्यांना नसेल तर तीही द्या.

आणि दशांशाचं काय? तुमच्या पाळकांशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंशी, उघड बोला, पण माझं मत मी सरळ सांगते. कर्ज फिटेपर्यंत आधी मित्राचा हप्ता आणि मग दानपेटी. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने हेच सांगितलं आहे: वेदीपाशी अर्पण करताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. मित्राचं ज्यात आहे ते आपलं म्हणून देवाला वाहता येत नाही. चांगला पाळक याला हरकत घेणार नाही. घेतली, तर ती मंडळी तुमच्याकडून काय मागते आहे याचा शांतपणे विचार करा.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (एए) या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटांत बसणाऱ्यांना बारा पायऱ्या ठाऊक असतात. ज्यांचं आपण वाईट केलं त्यांची यादी करणं ही आठवी, आणि शक्य तिथे जाऊन भरपाई करणं ही नववी. दुसऱ्यांपर्यंत निरोप नेणं बारावीत येतं. हा क्रम व्यसनातून वर आलेल्या माणसांनी ठरवलेला आहे. ठाण्यातही आणि नवी मुंबईतही असे गट भरतात. प्रार्थनासभेच्या जोडीने तिथेही जाऊन बसलात तर तुमच्या श्रद्धेला काही बाधा येणार नाही.

आता काकू. इथे मला थोडं कठोर बोलावं लागेल.

ज्या बाईचा नवरा अतिदक्षता विभागातून नुकता बाहेर आला आहे, बिलाची जुळवाजुळव चालू आहे, डॉक्टर नीट काही सांगत नाहीत, तिच्यापुढे तुम्ही एक अट ठेवलीत. स्वीकारा, मग बरे होतील. तुमच्या मनात अट नव्हती, माया होती, हे मला पत्रावरून दिसतं. पण त्या खुर्चीवरून तिला अटच ऐकू आली. आणि काका चालू शकले नाहीत तेव्हा त्या अटीचा दुसरा अर्थही तिच्या वाट्याला आला, की दोष तिचा, तिने स्वीकारलं नाही. लहानपणी तुमच्या पानात आधी वाढणाऱ्या बाईच्या डोक्यावर तुम्ही हे ओझं ठेवलंत.

येशूने बरं करताना असा सौदा कधी केला नाही. दहा कुष्ठरोगी बरे झाले, नऊ परत आले नाहीत. त्यांचा रोग परत आला असं कुठेही लिहिलेलं नाही. बेथेस्दाच्या तळ्याकाठी पडलेला, 38 वर्षं आजारी असलेला माणूस बरा झाला तेव्हा आपल्याला कुणी बरं केलं हेदेखील त्याला माहीत नव्हतं.

आपल्याकडे याचा धडा जुना आहे. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन सुरू केलं. धर्माच्या बाबतीत ते तटस्थ राहील असं ठरलं होतं. सदन पुण्याला गेलं, काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, आणि 1893 साली वाद पेटला. पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे, भांडारकर सल्लागारपदावरून बाजूला झाले. मी कुणाला बोलावत नाही, फक्त माझ्या खोलीचं दार लावून घेत नाही, अशी रमाबाईंची बाजू होती. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरी मला वाटतं, जी मुलगी आपल्या छपराखाली झोपते, आपलं अन्न खाते, तिच्यासाठी उघडं दारसुद्धा हाक मारत असतं. मग रुग्णालयातल्या खाटेशी उभ्या असलेल्या बाईचं काय होत असेल? जो आपल्याला सहज "नाही" म्हणू शकत नाही, त्याच्यापाशी श्रद्धेचा विषय आपण होऊन काढू नये. आजारी माणूस, उसने पैसे घेतलेला माणूस, हाताखालचा कर्मचारी, घरकामाला येणारी बाई, सगळ्यांना हे लागू आहे.

काकूंकडे जा. बायबल नको, बरोबर संगतीतलं कुणी नको. म्हणा, "काकू, त्या दिवशी तुम्ही घाबरलेल्या होतात आणि मी भलतंच बोललो. काकांचं बरं होणं आणि तुम्ही कुणाला मानता याचा संबंध मी जोडायला नको होता. मला माफ करा." पुढे "पण माझा हेतू…" हे वाक्य सुरूही करू नका. मग विचारा, काय करू? पक्षाघातानंतर व्यायाम रोज करून घ्यावा लागतो, फिजिओथेरपीला नेताना माणसाला जिना उतरवावा लागतो, सरकारी योजनेच्या कागदांसाठी रांगेत उभं राहावं लागतं. यातलं जे त्या सांगतील ते करा आणि करताना श्रद्धेचा विषय काढू नका. त्यांनी कधीच काही विचारलं नाही तरी चालेल. तेवढ्याने तुमची सेवा वाया जात नाही. तुमच्या खोलीत, दार लावून, काकांसाठी प्रार्थना करायला मात्र कुणाची हरकत नाही.

मग त्या ज्येष्ठांनी सांगितलेल्या रक्ताचं काय? ते वचन बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातलं आहे: नेमलेल्या पहारेकऱ्याने सावध केलं नाही, तर मरणाऱ्याच्या रक्ताचा जाब त्याला द्यावा लागेल. त्या पहारेकऱ्याची गोष्ट सांगताना बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. त्याच्या आधीची दोन वचनं वाचा. यहेज्केल खबार नदीकाठी तेल-अबीबला, बाबेलात पकडून नेलेल्या आपल्या लोकांमध्ये जातो आणि सात दिवस त्यांच्यात सुन्न होऊन बसून राहतो. सात दिवस संपल्यावर देवाचा शब्द येतो की तुला पहारेकरी नेमलं आहे. ज्यांना सावध करायचं, त्यांच्या दुःखात आधी बसलेला माणूस होता तो. शिवाय त्याचं काम सावध करण्यापुरतंच होतं, कुणी ऐकलं याचा हिशोब त्याच्याकडे मागितलेला नाही. तुम्ही मात्र किती जण आले याच्या भीतीने झोप घालवता आहात. करिंथकरांना पौल लिहितो, मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, पण वाढवलं देवाने. भीतीने बोलणाऱ्या माणसाच्या आवाजात ती भीती उतरते आणि समोरच्याला आधी तीच ऐकू येते.

वडिलांबद्दल तुम्ही लिहिलं आहे की त्यांना "अजून अनुभव नाही". हे तुम्हाला कसं कळलं? चर्चमध्ये 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातली गाणी पाठ म्हणणारा, तुमच्या दारूच्या वर्षांत तुम्हाला घराबाहेर न काढणारा माणूस रात्री देवाशी काय बोलत होता, हे तुम्ही ऐकलंत का? काहींचं तारण एका संध्याकाळी घडतं, त्यांना तारीख सांगता येते. काहींच्यात ते आयुष्यभर मुरत जातं. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला, पण ख्रिस्त आपल्याला खऱ्या अर्थाने सापडला तो त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, असं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. ही मधली वर्षं त्या ख्रिस्ती नव्हत्या असं म्हणायला मी तरी धजणार नाही. आणि त्या अनुभवानंतर त्यांनी काय केलं? 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुली आणि विधवा बरोबर आणल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून वाढलं.

पत्नीचं वाक्य मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य वाटलं. गरसेकरांच्या प्रदेशात ज्याची भुतं निघाली तो माणूस येशूबरोबर नावेत बसायला निघाला होता. येशूने त्याला घेतलं नाही. घरी आपल्या माणसांकडे जा म्हणाला. सभा निम्म्या करा. कोणती ठेवायची ते पत्नीला विचारून ठरवा. उरलेल्या संध्याकाळी घरी भाजी चिरा, मुलांचा अभ्यास घ्या, वडिलांबरोबर बातम्या बघा. दारूच्या वर्षांत घरचं सगळं त्यांनी एकटीने ओढलं आहे, तेव्हा या संध्याकाळीही तुम्ही त्यांना देणं लागता. आणि त्यांना वेळ द्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो 1900 साली, त्यांच्या स्वतःच्या विचाराने. टिळकांसारख्या शब्दप्रभूलासुद्धा बायकोच्या मनाचा काटा आपल्या हाताने पुढे सरकवता आला नाही.

ऑफिसचं थोडक्यात. कामाच्या ग्रुपवर वचनं बंद करा, ज्याने समज दिली त्याला "बरोबर आहे" म्हणा आणि विषय संपवा. संविधानाच्या 25 व्या कलमाने धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली म्हटलं आहे. आजारपणात दिलेलं आश्वासन, पैशाची मदत आणि धर्माचं बोलणं एकत्र आलं की तुमच्यावरच नाही, सगळ्या मंडळीवर संकट येऊ शकतं. त्यामुळे या तीन गोष्टी एकमेकींपासून कायम दूर ठेवा.

उलट बाजूचीही पत्रं मला येतात, म्हणून इथेच लिहिते. घणसोली, दिवा, कळंबोलीकडची तरुण मुलं-मुली लिहितात की आम्ही येशूवर विश्वास ठेवतो, घर हिंदू आहे, गणपतीत काय करायचं? मुलांनो, अरामचा सेनापती नामान कुष्ठरोगातून बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला म्हणाला की माझा राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात वाकेल तेव्हा मलाही वाकावं लागेल, देवाने मला क्षमा करावी. अलीशाने त्याला व्याख्यान दिलं नाही. शांतीने जा, म्हणाला. मंडळी या प्रश्नावर वेगवेगळं शिकवतात आणि प्रसादाबद्दल तुमचा विवेक तुम्हाला जे सांगेल ते पाळा. पण घर झाडायला, पाहुण्यांना पाणी द्यायला, आजीला आरतीपर्यंत हात धरून न्यायला कुठलंही वचन आड येत नाही. बाप्तिस्म्याची घाई करू नका, लपवाछपवीही करू नका. आईवडिलांना बाहेरून कळण्याआधी तुमच्या तोंडून कळू दे. जातीचा दाखला, लग्न, वारसा यांवर धर्म बदलल्याचे कायदेशीर परिणाम होतात, तेव्हा पाळकांइतकंच एखाद्या वकिलालाही विचारा.

दादा, तुम्हाला बोलायची संधी मिळणारच नाही असं समजू नका. कळव्यात तुम्हाला पडलेलं पाहिलेले लोक आहेत. रिक्षावाला, कोपऱ्यावरचा वाणी, सोसायटीचा वॉचमन, यांतला कुणीतरी एक दिवस विचारेल, "सुटली कशी हो तुमची?" पेत्राच्या पहिल्या पत्रात सांगितलं आहे की तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, आणि ते सौम्यपणे, आदराने द्या. त्या वेळी लाजू नका, येशूचं नाव स्वच्छ घ्या. स्वतःची गोष्ट सांगा, विचारणाऱ्याची नव्हे. किती रात्री हात थरथरत होते ते सांगा, कुणाकुणाला फसवलं ते सांगा, पत्नीने काय सोसलं ते तिची परवानगी असेल तर सांगा, अजून कुठल्या दुकानासमोरून जाताना पावलं जड होतात तेही सांगा. तो ज्याला मानतो त्याबद्दल एक वाकडा शब्द काढू नका. दहा मिनिटांत संपवा. त्याला आणखी ऐकायचं असेल तर तो विचारेल. त्याच्या घरात दारूचा प्रश्न असेल तर त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जा, एएच्या गटात जा, लागेल तर रजा टाकून जा.

आणि मित्राचा हप्ता येत्या 7 तारखेपासून सुरू करा.